मागचं माणूस

मोजणी बरोबर आली होती. डोंगरावरच्या गावातून निघताना गाइड बाईने बसच्या मधल्या वाटेने शेवटच्या सीटपर्यंत जात, हातातलं छोटं यंत्र टकटक दाबत चव्वेचाळीस मोजले होते, परत येताना पुन्हा चव्वेचाळीस, आणि मग ड्रायव्हरला मानेने खूण केली होती. आता बंदरावर बस रिकामी झाली होती. चव्वेचाळीस माणसं एकामागून एक उतरली होती आणि त्यांत हरिओमची माय नव्हती. तो पुढच्या दारापाशी उभा राहून प्रत्येकाचं उतरणं बघत होता. शेवटचा माणूस उतरल्यावरही दाराकडे बघत राहिला, जणू रिकाम्या बसमधून अजून कोणी उतरणं शक्य होतं. मग आत चढला, सीटांच्या मधून मागेपर्यंत गेला, वाकून खालीही पाहिलं. एका सीटवर संत्र्याची सालं होती. मागच्या काचेतून ऊन येत होतं. डोकं अजून म्हणत होतं, मोजणी बरोबर आली आहे, म्हणजे ती इथेच कुठेतरी असणार.

खाली कुसुमबाई साडीवरचे सालपटांचे तुकडे झटकत होत्या. पूर्ण्याच्या दत्तरावांच्या त्या मंडळी. दत्तरावांचं पूर्ण्यात आणि हरिओमचं सेलूत, दोघांचीही कृषी सेवा केंद्रं, एकाच कंपनीची बियाणी विकणारी. कंपनीने वर्षाचं टार्गेट पूर्ण करणाऱ्या विक्रेत्यांना जोडीने परदेशातल्या या जहाजाच्या सहलीवर आणलं होतं. हरिओमला जोडी नव्हती. जोडीच्या जागी त्याने मायचं नाव दिलं तेव्हा कंपनीच्या माणसाने दोनदा विचारलं होतं.

“काकू, माय कुठं हाय?”

“तुमच्यापाशी न्हाई का?”

“तुमच्याशेजारी बसती म्हणली व्हती.”

“माझ्याशेजारी ह्या बसल्या ना.” कुसुमबाईंनी बोट दाखवलं. हिरव्या काठाची साडी नेसलेली एक म्हातारी बाई सावलीत उभी होती, गोंधळलेली. “म्या म्हणलं बानूबाई लेकाकडं पुढं बसल्या असतील. सकाळधरनं तुमी दर घडीला हाक मारायलाव त्यांना.”

त्या बाईच्या खांद्यावर नारिंगी स्टिकर होतं, त्यावर सहाचा आकडा. हरिओमच्या गटाची स्टिकरं निळी होती, नऊची. गाइडने डोकी मोजली होती, स्टिकरं नाही. त्याने बाईला हिंदीत विचारलं, तुम्ही या बसमध्ये कशा? ती म्हणाली, “मेरे को उन्होंने बिठाया. हाथ पकड के. मैं पीछे रह गई थी, मेरी बस दिख नहीं रही थी. वो बोली, चढो, चढो.” आणि तिने ‘वो’ म्हणजे कोण ते सांगण्यासाठी स्वतःच्या कपाळावर, जिथे मायच्या कपाळावर गोंदण होतं तिथे, बोट टेकवलं.

मग सगळं त्याला एकदम दिसलं. माय नेहमी मागे चालायची. त्यांचं घर धनगराचं; मेंढ्यांचा कळप चालतो तेव्हा गडी पुढे असतो आणि बाई शेवटी, बिऱ्हाड लादलेल्या घोड्याच्याही मागे. पुढच्याने वाट बघायची, मागच्याने राहिलेलं बघायचं. रोजच्या चालण्यातली ही रीत मायच्या पायांत इतकी भिनली होती की सेलूच्या स्टँडवरही ती सगळे चढल्याशिवाय एस.टी.त पाय ठेवत नसे, कंडक्टर ओरडला तरी. आणि दुसरी रीत अशी की दुसऱ्याच्या कळपातलं चुकलेलं मेंढरू दिसलं तर हाकलायचं नाही. आपल्यात घ्यायचं, पुढे त्याच्या मालकाची गाठ पडेल तेव्हा द्यायचं. मायने बाईला ओळखलं नसेल असं नव्हतं. माणसं ती कधी मोजत नसे, तोंडं बघे. हे आपलं नाही हे तिला पक्कं कळलं असणार. म्हणूनच तिने तिला आपल्यात घेतलं, आणि त्या कळपातलं अजून कोणी मागे आहे का ते बघायला वळून गेली. तेवढ्यात आत चव्वेचाळीस भरले.

“कंपनीवाल्याला सांगा,” दत्तराव जवळ येत म्हणाले. सकाळी याच माणसाने बसमध्ये सगळ्यांसमोर म्हटलं होतं, “हरिओमभाऊ, मायच्या कमरंला दोरी बांधा की एक, सारखं वळून बघून मान मोडंल तुमची.” सगळे हसले होते. मायही हसली होती. आणि वरच्या गावातून बस निघताना हरिओमला मागे वळावंसं वाटलं तेव्हा त्याला ते हसणं आठवलं होतं. वळायची इच्छा झाली, तीही खरी होती आणि तिच्यावर त्याने मोजणी ठेवली, तेही खरं होतं. संख्या बरोबर असेल तर माणसं बरोबर असणार. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या माणसाने ही चूक करायला नको होती. दोन पदार्थांचं वजन सारखं आलं म्हणून पदार्थ एकच ठरत नाही, हे पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत शिकवतात.

घड्याळात बारा पस्तीस झाले होते. जहाजावर दीडच्या आत चढायचं होतं, दोनला जहाज सुटणार होतं. गाइडने शांतपणे सांगितलं की सहा नंबरची बस अजून वर गावातच आहे, तेही या बाईंना शोधत आहेत. त्यांना फोन केला आहे, ते तुमच्या आईला घेऊन येतील. तुम्ही इथेच थांबा. कंपनीचा माणूसही म्हणाला, थांबा. सगळं बरोबर होतं. त्या सांगण्यात कुठेही चूक काढता येत नव्हती. हरिओम “हो” म्हणाला आणि वीस पावलांवर उभ्या असलेल्या टॅक्सीचं दार उघडून आत बसला. मागून दत्तरावांचा आवाज आला, “आवो, कुठं निघालाव?” मायकडे फोन नव्हता. पासपोर्ट जहाजावर होता. मराठी सोडून तिला थोडी बाजारातली हिंदी येत होती, आणि तीही सेलूच्या बाजारातली.

वर जायला पंचवीस मिनिटं. खाली यायला पंचवीस. बारा एक्केचाळीसला टॅक्सी निघाली म्हणजे एक सहाला वर, एक एकतीसला खाली. म्हणजे निघतानाच एक मिनिट कमी होतं. त्याने हे गणित तीनदा केलं, प्रत्येक वेळी तेच उत्तर आलं आणि तरी चौथ्यांदा करावंसं वाटलं. ड्रायव्हर म्हातारा होता, त्याच्या मानेवर सुरकुत्यांची जाळी होती आणि रेडिओवर एक बाई फार हळू आवाजात काहीतरी वाचत होती, बातम्या असाव्यात. रस्ता डोंगराला वळसे घालत चढत होता. एका बाजूला दगड, काटेरी झुडपं, पिवळं पडलेलं गवत; जिंतूरकडच्या माळासारखंच. दुसऱ्या बाजूला काहीच नाही, एकदम समुद्र. सकाळी हाच रस्ता चढताना मायने खिडकीतून बघत म्हटलं होतं, “चारा लय हाय की रं इथं. पर पाणी कुठंय?” त्याने सांगितलं होतं की एवढं सगळं पाणीच आहे. ती म्हणाली, “पेयाचं म्हणते मी.” समुद्राकडे तिने नंतर बघितलंही नव्हतं.

मागे जाणं. त्याला ते शब्द नको होते, पण रस्त्याच्या प्रत्येक वळणाला ते परत येत होते. त्याचा बा मल्हारी मागे गेला होता. हरिओम तेव्हा पेडगावच्या शाळेत नववीत होता, आणि त्या दिवशी डबा घरी विसरला होता. माय कळपाच्या मागची जागा सोडून त्याला डबा द्यायला आली. दुपारी दीडचा सुमार. शाळेच्या ओट्यावर बसून त्याने भाकरी आणि ठेचा खाल्ला, माय समोर बसून बघत होती, आणि त्याच वेळी बा एकटा मेंढ्या घेऊन रेल्वेचे रूळ ओलांडत होता. पलीकडे गेल्यावर त्याने तोंडं पाहिली. लंगडी बांडी मेंढी नव्हती. मागे माय असती तर तिने ती हाकून आणली असती; त्या दिवशी मागे कोणी नव्हतं. बा परत रुळावर आला, बांडीला उचलून खांद्यावर घेतलं, आणि गाडी आली. अकरावीत वेग आणि अंतराचं प्रकरण शिकल्यावर हरिओमने पहिल्यांदा ते मांडून पाहिलं होतं, वहीच्या शेवटच्या पानावर, कोणाला न दाखवता. गाडीचा वेग ताशी शंभर किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे अठ्ठावीस मीटर. त्या वळणावर गाडी दिसते ती तीनशे मीटरवरून. म्हणजे साधारण अकरा सेकंद. अकरा सेकंद माणसाला पुरतात. मेंढी खांद्यावर घेतलेल्या माणसाला रूळ आणि खडी मिळून किती लागतात, हे त्याने खरोखर एकदा खांद्यावर खताचं पोतं घेऊन मोजून पाहिलं होतं. तेवढे सेकंद त्याने कुठे लिहून ठेवले नव्हते. डब्याबद्दल माय कधी एक शब्द बोलली नाही. तोही नाही. त्यानंतर ती कुठेही, लग्नात, बाजारात, देवाला जाताना, सगळ्यांच्या मागे असायची, आणि आपण मागे नसल्यावर काय होतं हे ती क्षणभरही विसरलेली नाही असं तिच्या चालण्यावरून वाटायचं.

समोरून बस आली. मोठी, पांढरी, काचेवर सहाचा आकडा. रस्ता अरुंद असल्याने टॅक्सी दगडाच्या अंगाला थांबली आणि बस अगदी हळू, जवळून पुढे सरकू लागली. हरिओमने मान वर केली. खिडक्यांच्या काचांवर ऊन होतं, आणि उन्हात फक्त आभाळ दिसत होतं, टॅक्सीचं छप्पर दिसत होतं आणि त्याचा स्वतःचा चेहरा, एका काचेतून दुसऱ्या काचेत जाणारा. त्याने काच खाली केली आणि हाक मारली, “माय!” बसच्या इंजिनाने ती हाक खाल्ली. एका खिडकीत लुगड्याचा रंग दिसल्यासारखा वाटला. किंवा पडदा असेल. बस गेली. ड्रायव्हरने आरशातून त्याच्याकडे पाहिलं, भुवया उंचावल्या: वर की खाली? तिथे वळायला जागा नव्हती. पण जागा असती तरी त्याला सांगता आलं नसतं. बसमध्ये ती असण्याची शक्यता त्याने सत्तर टक्के धरली, मग ऐंशी. पण तीस आणि वीस टक्क्यांना मायचा चेहरा होता. त्याने बोट वर केलं.

गावाच्या पार्किंगमध्ये एकही बस नव्हती. सकाळी इथे सात उभ्या होत्या, मधाची बाटली विकणारे होते, टोप्या होत्या, धक्काबुक्की होती. आता उन्हात फक्त एक कुत्रं झोपलं होतं. दुकानांनी दारं ओढून घेतली होती. त्याने गल्ल्यांतून पाहिलं, पांढऱ्या भिंती डोळ्यांत घुसत होत्या, निळी दारं सगळी सारखी होती आणि प्रत्येक वळणानंतर तो आधीच्याच ठिकाणी आल्यासारखं वाटत होतं. आणि मग त्याला घंटा ऐकू आल्या. बकऱ्यांच्या गळ्यातल्या. गावाच्या वरच्या बाजूने, खडकांतून, सुटे सुटे आवाज. अर्थातच, त्याला वाटलं, अर्थातच ती तिकडे गेली असणार, मेंढरं-बकऱ्या दिसल्यावर ती इथे थांबेल कशी. तो पळत वर गेला. पायवाटेवर सुटे दगड होते, बूट घसरत होते. वर बकऱ्या होत्या. दहा-बारा, काळ्या, लांब शिंगांच्या, आणि त्या त्याच्याकडे वळून बघत राहिल्या. राखणारं कोणी नव्हतं. पुढे खडकाची कड होती आणि कडेच्या पलीकडे खूप खाली पाणी. त्याने कडेपर्यंत जाऊन खाली बघण्याचं धाडस केलं नाही. मग केलं. खाली फक्त फेस होता. त्या क्षणी त्याच्या लक्षात आलं की हे त्याने बाहेरच्या माणसासारखं केलं. दत्तरावांनी केलं असतं तसंच. धनगराची बाई, म्हणून बकऱ्यांमागे गेली असणार. मायने दुसऱ्याच्या बकऱ्या कधी वळवल्या होत्या?

फोन वाजला. “हरिओमभाऊ,” दत्तरावांचा आवाज बदललेला होता, चेष्टा अजिबात नव्हती. “सहा नंबरची आली. त्येच्यात न्हाईत तुमच्या मातोश्री.”

“न्हाईत?”

“न्हाई. त्ये म्हणायलेत आमी हाताला धरून चढवायलो व्हतो, पर त्या चढंनात. झाडाला धरून बसल्या म्हणं. टाइम व्हता तवर त्यांनी वाट बघितली. एक बावीस झालेत. काय सांगू ह्यांना?”

चढली नाही. का चढली नाही? डोक्यात आता गणित नव्हतंच, नुसती पोकळी होती आणि तिच्यात घंटा वाजत होत्या. झाडाला धरून. झाड. या खडकाळ बेटावर त्याने सकाळपासून झाडं फार पाहिली नव्हती, आणि जिथे झाड आहे तिथे पाणी असणार. लहानपणी मेंढ्यांबरोबर हिंडताना त्याला हे पढवलेलं होतं, पहिलं अक्षर शिकायच्याही आधी: चुकलास तर पुढं पळायचं न्हाई, मागं पळायचं न्हाई, जिथं शेवटी पाणी पेलो तिथं जाऊन बसायचं. तो शहाणा झाला, बंदरं, बस क्रमांक, वेळापत्रकं वाचायला शिकला आणि हे कुठेतरी टाकून आला होता. सकाळी माय चौकाखालच्या नळाला ओंजळ लावून प्यायली होती. तो उताराने खाली धावला.

चौकाच्या खालच्या अंगाला, पार्किंगवरून न दिसणारं, एक जुनं, रुंद पानांचं झाड होतं, त्याच्याखाली दगडी हौद आणि एक लोखंडी नळ. माय हौदाच्या कडेला बसली होती. दोन्ही हात मांडीवर, पदर डोक्यावर, निळं स्टिकर खांद्यावर, तोंड रस्त्याकडे. तिने त्याला येताना पाहिलं. ती उठली नाही, हसली नाही. तिचा चेहरा असा झाला की तो तिथेच, दहा पावलांवर, थांबला. तिचा असा चेहरा त्याने आयुष्यात एकदाच पाहिला होता, शाळेच्या ओट्यावर, गावातला माणूस सांगायला पळत आला तेव्हा.

“आलास,” ती म्हणाली.

“माय, चढली का न्हाईस त्या बसमंदी? त्ये हाताला धरून चढवायलते तुला.”

“आलासच मागं.”

“मंग काय तुला सोडून जाऊ?”

“म्या काय तुझी वाट बघत बसले व्हते व्हय? तू येऊ नयेस म्हणून देवाचं नाव घेत बसले व्हते.” तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “सकाळी बघितली की म्या ही घाटाची वाट. एका अंगाला दरी. म्या म्हणते, त्याला कळंल, त्यो शिकलेला हाय, त्यो थांबंल, मानसं पाठवील. येणार न्हाई. देवा, येऊ देऊ नको.” तिने नळाकडे पाहिलं. “मंग ती बस आली. म्हणलं, म्या गेले आन् त्यो दुसऱ्या वाटंनं वर आला तर? त्यो मला हुडकत डोंगरावर जाईल. कड्यावर जाईल. कुणी सांगायला न्हाई त्याला. मंग बसूनच ऱ्हायले.”

“म्या गेलो व्हतो वर,” हरिओम म्हणाला. सांगायचं नव्हतं, पण निघालं.

तिने डोळे मिटले. मग हात पुढे केला आणि त्याच्या शर्टाच्या बाहीला लागलेला काटा काढला, दुसरा काढला, हाताला धरून त्याला जवळ ओढून त्याचं तोंड बघितलं, डावीकडून, उजवीकडून, जसं ती संध्याकाळी वाघरीच्या, मेंढ्या कोंडायच्या जाळीच्या, तोंडाशी उभी राहून आत जाणाऱ्या प्रत्येक मेंढीचं बघायची.

“पाणी पी,” ती म्हणाली. “ग्वाड हाय.”

पार्किंगमध्ये थांबून राहिलेल्या टॅक्सीत ती मागे, त्याच्या शेजारी बसली. एक अठ्ठेचाळीस झाले होते. दत्तरावांचा निरोप आला होता: दोघांचे पासपोर्ट जहाजवाल्यांनी बंदराच्या ऑफिसात ठेवलेत, कंपनीचा माणूस तुमच्यासाठी मागे थांबलाय, उद्या दुसऱ्या बोटीने पुढच्या बेटावर गाठ पडेल, काळजी करू नका, कुसुम रडायलीय. हरिओमने तो मायला वाचून दाखवला, रडण्यासकट. तिने मान हलवली. तिला अर्ध्याहून जास्त कळलं नसावं किंवा सगळं कळलं असावं. अर्धा घाट उतरल्यावर भोंगा ऐकू आला, लांब, पोटातून आल्यासारखा, आणि पुढच्या वळणावर समुद्र उघडला. जहाज धक्क्यापासून सुटलं होतं. जहाज आणि धक्का यांच्यामध्ये पाण्याची एक निळी पट्टी होती. बघता बघता ती रुंद झाली.

“गेलं का त्ये?”

“गेलं.”

ड्रायव्हरनेही ते पाहिलं. काहीतरी पुटपुटला, मान हलवली, आणि अजूनही काही करता येईल असं त्याला वाटलं असावं, कारण त्याने गाडीचा वेग वाढवला. वळणावर चाकं करकरली, दरीच्या अंगाचे दगड झपकन मागे गेले. मायने पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली.

“त्याला म्हण, हळू चालीव.”

“माय, त्यो—”

“हळू म्हण त्याला. घाई कशाची? आता मागं कुणी न्हाई.”

हरिओमला त्या भाषेतला शब्द माहीत नव्हता. त्याने पुढे वाकून म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि गाडीचा वेग उतरेपर्यंत तो तसाच ठेवला.